महिना दहा टक्के देणाऱ्या ॲपमध्ये निवृत्तीच्या रकमेतला थोडा भाग ठेवावा का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून 31 मे रोजी निवृत्त झालो. उपदान (ग्रॅच्युइटी), भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण (त्याच्या काही भागाऐवजी मिळणारी एकरकमी रक्कम) मिळून साधारण 26 लाख रुपये गेल्या महिन्यात माझ्या खात्यात जमा झाले. त्यांतले 6 लाख घराच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले आहेत. उरलेल्या 20 लाखांचे काय करावे, हा विचार चालू असताना माझ्या साडूंनी एक योजना सुचवली आणि तिच्याविषयी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून हे लिहीत आहे.

मोबाईलवरच्या एका ॲपमध्ये रक्कम भरायची. कंपनी ती परकीय चलनाच्या व्यवहारांत संगणकीय पद्धतीने गुंतवते, असे सांगितले जाते, आणि दर महिन्याच्या 5 तारखेला भरलेल्या रकमेवर दहा टक्के परतावा मिळतो. साडूंनी आठ महिन्यांपूर्वी 2 लाख रुपये भरले आणि तेव्हापासून एकाही महिन्याचा परतावा चुकलेला नाही, असे ते म्हणतात. ॲपमधले आकडे त्यांनी मला दाखवलेही आहेत. आपण आणलेल्या माणसाच्या रकमेवर पाच टक्के कमिशन मिळते, हेसुद्धा त्यांनी लपवले नाही. उलट माझ्या रकमेवरचे कमिशन ते मलाच देणार आहेत. माणूस सरळ आहे आणि तीस वर्षांच्या नात्यात त्यांनी मला कधी फसवलेले नाही.

कंपनीकडे नोंदणी प्रमाणपत्र, जीएसटी क्रमांक आणि उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी आहे. 500 रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केलेला करार मिळतो आणि मुद्दलाच्या रकमेचा पुढच्या तारखेचा धनादेशही मिळतो. एकच गोष्ट मला खटकली. पैसे यूपीआयने भरायचे असले, तरी दर वेळी निराळ्याच व्यक्तीचे नाव येते, आणि हल्ली यूएसडीटी या आभासी चलनात भरणाऱ्याला अर्धा टक्का जास्त देऊ, असे सांगतात.

माझा हिशेब असा आहे. दहा महिन्यांत मुद्दल सुटते आणि त्यापुढचा सगळा नफा. म्हणून 18 लाख सुरक्षित ठिकाणी ठेवावेत आणि 2 लाख येथे घालावेत. बुडाले तरी संसार अडणार नाही. इतकी मर्यादित जोखीम घेण्यात नेमकी चूक कोणती? नुसते ‘नको’ असे उत्तर मला पुरणार नाही, कारण साडूंनाही ते समजावून सांगावे लागेल.

खतावणी

गुरुजी, मी 34 वर्षे बँकेत काढली आणि त्यांतली बरीच वर्षे कर्ज विभागात होतो. तुमचा प्रश्न नीट मांडलेला आहे, म्हणून उत्तरही हिशेबानेच देतो.

शंभर माणसांनी प्रत्येकी 2 लाख भरले, असे धरू. 2 कोटी जमा झाले. पाच टक्के कमिशनचे 10 लाख लगेच गेले आणि 1 कोटी 90 लाख उरले. दर महिन्याला 20 लाख परतावा द्यायचा आहे. कंपनीने या पैशावर एक रुपयाही कमावला नाही, तरी हे वाटप साडेनऊ महिने बिनबोभाट चालते. तुमच्या म्हणण्याप्रमाणे मुद्दल सुटायला दहा महिने लागतात. म्हणजे पहिल्या शंभरांतल्या एकाचेही मुद्दल पूर्ण सुटण्याआधी पेटी रिकामी होते, आणि तोपर्यंत मात्र प्रत्येकजण ‘एकही महिना चुकला नाही’ अशी साक्ष प्रामाणिकपणे देत असतो. साडूंचे आठ महिने याच मुदतीत बसतात. त्यांची साक्ष खोटी आहे, असे मी म्हणत नाही. कंपनी कमावते की नाही, हे त्या साक्षीवरून कळत नाही, एवढेच सांगतो.

आता पुढे पाहा. पेटी रिकामी होताना आणखी शंभर माणसे आली, तर दर महिन्याचे देणे 40 लाख होते आणि त्यांचे 1 कोटी 90 लाख पावणेपाच महिन्यांतच संपतात. तिसरे शंभर आले, तर त्यांचे पैसे तीन महिन्यांहून थोडे अधिक पुरतात. चौथे शंभर आले, तर सव्वादोन-अडीच महिने. चालकाने स्वतः काही उचलले नाही, असे गृहीत धरून हे आकडे काढले आहेत, आणि तसे सहसा घडत नाही. नवी माणसे येण्याचा वेग सतत वाढत राहिला पाहिजे, म्हणून कमिशन पाच टक्के असते. ज्याला खरोखर व्यवहारात नफा होतो, त्याला माणसे आणणाऱ्याला एवढे पैसे देण्याची गरजच काय?

कर्ज विभागातल्या माणसाला सुचणारा आणखी एक प्रश्न विचारतो. महिन्याला दहा टक्के खात्रीने कमावणाऱ्या धंद्याला बँक वर्षाला बारा-चौदा टक्क्यांनी आनंदाने कर्ज देईल. ते सोडून तो निवृत्त शिक्षकाला वर्षाला 120 टक्के का देईल? बँक त्याला कागद मागेल, तारण मागेल, नफ्याचे पुरावे मागेल, आणि ते त्याच्याकडे नसतात. बाजारातून खात्रीचा नफा काढणे किती अवघड आहे, हे पाहायचे असेल, तर शेअर बाजारातल्या वायदे आणि ऑप्शन व्यवहारांवरचा, बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीचा 2024 चा अभ्यास पाहावा. 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला.

ही रीत जुनीच आहे. 1920 साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने टपालाच्या कुपनांच्या नावाखाली 45 दिवसांत 50 टक्के देऊ केले होते. आपल्याकडे दादरमध्ये टोरेस या दागिने विकणाऱ्या कंपनीच्या दुकानाबाहेर जानेवारी 2025 मध्ये लोकांनी गर्दी केली, तेव्हा त्यांतल्या अनेकांना मोइसॅनाइटच्या (हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या) खड्यांवर आठवड्याला सहा टक्के आणि पुढे त्याहूनही जास्त देऊ, असे सांगितलेले होते. सहा टक्के आठवड्याला म्हणजे चक्रवाढ न धरताही वर्षाला 312 टक्के. एकदा कुपन असते, एकदा खडा असतो, तुमच्याकडे परकीय चलन आहे. हिशेब मात्र तोच राहतो.

तुम्हाला एक काम सांगतो आणि ते आजच करा. साडूंना ॲप उघडायला सांगू नका, त्यांच्याकडे बँकेचे पासबुक मागा. आठही महिन्यांचे 20,000 रुपये खात्यात प्रत्यक्ष जमा झालेत का, हे नोंद लावून बघा. ॲपच्या पडद्यावरचा आकडा कंपनीने लिहिलेला असतो, पासबुकातला बँकेने.

आणि तुमच्या 20 लाखांविषयी. तुम्ही साठीच्या आत निवृत्त झालेले असल्यामुळे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवण्यासाठी तुम्हाला निवृत्तीचे लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांचीच मुदत आहे. ही मुदत आधी एक महिन्याची होती, ती नोव्हेंबर 2023 मध्ये वाढवली गेली. एप्रिल 2023 पासून तिचा दर 8.2 टक्के आहे. 20 लाखांवर दर तिमाहीला 41,000 रुपये येतील. दहा टक्क्यांच्या विचारात ही मुदत निघून जाऊ देऊ नका.

मोजून मापून

खतावणी यांचा हिशेब बरोबर आहे आणि त्यातून एक वेगळा निष्कर्षही निघतो, तो मांडणे मला योग्य वाटते. योजना टिकणार नाही, हे मान्य केले, तरी ती कधी पडेल, हा प्रश्न उरतो आणि लवकर येऊन लवकर बाहेर पडणाऱ्याला फायदा होतो. मी स्वतः अशा दोन योजनांत थोडे पैसे घालून मुद्दल आणि वर काही रक्कम घेऊन बाहेर पडलो आहे. दोन्ही वेळा मी कोणालाही आणले नाही, परतावा पुन्हा गुंतवला नाही आणि ठरवलेल्या महिन्यात थांबलो. भिशीतही मध्येच पैसे बुडण्याची भीती असते आणि लॉटरीत तर शंभरातल्या नव्व्याण्णवांचे पैसे जातात, तरीही प्रौढ माणसाने आपल्या पैशाचा निर्णय स्वतः घेणे आपण गैर मानत नाही.

या गृहस्थांसाठी 2 लाख म्हणजे 20 लाखांचा दहावा भाग आहे. त्यांनी मी सांगितलेल्या तीन गोष्टी पाळल्या, तर जास्तीत जास्त नुकसान किती, हे त्यांना आधीच ठाऊक असेल. ही योजना चांगली आहे, असे मी म्हणत नाही. पण मर्यादित रक्कम आणि मर्यादित मुदत या दोन कुंपणांच्या आत ती मूर्खपणाची ठरते, असेही मला वाटत नाही. येथे तर आठ महिने आधीच झालेले आहेत, तेव्हा उशीर झाला असावा, ही शंका मात्र रास्त आहे.

गोदातीर

वरचा प्रतिसाद वाचून मला लिहिणे भाग पडले, कारण 2017 मध्ये मीही अगदी हेच तीन नियम वहीत लिहून ठेवले होते. ती वही अजून माझ्याकडे आहे. योजनेचे नाव घेत नाही. आभासी चलनाची होती आणि महिन्याचा परतावा साधारण या दहा टक्क्यांसारखाच होता.

परतावा पुन्हा न गुंतवण्याचा पहिला नियम चौथ्या महिन्यात मोडला. मुद्दल निघायला अजून वेळ होता आणि तेवढ्यात ‘या महिन्याचा परतावा न काढता ठेवल्यास अधिक दर’ अशी सवलत आली. काढला असता तर 15,000 रुपये हातात आले असते. न काढल्यामुळे पडद्यावर मोठा आकडा दिसू लागला आणि त्या मोठ्या आकड्याच्या दहा टक्क्यांचा आणखी मोठा आकडा. माणूस लोभी असतो म्हणून हे घडते, असे लोक म्हणतात. माझ्या बाबतीत लोभापेक्षा हिशेबाची सवय जास्त आड आली. मी रोज रात्री पुढच्या वर्षाचे आकडे मांडत बसे आणि ते आकडे मला खरे वाटू लागले होते, कारण बेरीज बरोबर होती.

दुसरा नियम कोणाला आणू नये हा. मी कोणाला आणले नाही, हे मी दीर्घकाळ स्वतःला सांगत राहिलो. प्रत्यक्षात मला पैसे मिळतात, हे लोकांनी पाहिले आणि विचारले. माझे चुलतभाऊ, कार्यालयातले दोघे, शेजारच्या बाई, असे करत अकरा जण आले. त्या बाईंनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले सोने मोडून पैसे भरले. मी त्यांना ‘भरा’ म्हटले नव्हते, ‘मला तरी मिळतात’ एवढेच म्हणालो होतो. गेल्या आठ वर्षांत मी त्या वाक्याचा जितका विचार केला, तितका माझ्या बुडालेल्या पैशांचा केलेला नाही. अकरांपैकी सहा जणांचे मुद्दल मी हळूहळू फेडले आहे, बाईंचे सर्वांत आधी. गुरुजी, तुम्ही गावात ज्यांना शिकवले, ती मुले आज कमावती असतील. गुरुजींनी पैसे घातलेत, ही बातमी तुम्ही न सांगताही त्यांच्यापर्यंत जाईल. तुमच्या 2 लाखांची मर्यादा तुम्हाला पाळता येईल. तुमच्या नावावर विसंबून कोण किती घालेल, त्याची मर्यादा तुमच्या हातात नसते.

तिसरा नियम ठरलेल्या महिन्यात थांबण्याचा. तो महिना आलाच नाही. एका सकाळी कळवले गेले की यापुढे परतावा कंपनीने स्वतः काढलेल्या नव्या चलनात मिळेल, आणि ते चलन कोणीही विकत घेईना. बिटकनेक्ट या जगभर पसरलेल्या योजनेचे पुढे मी वाचले. अमेरिकेतल्या टेक्सस राज्याच्या नियामकाने 4 जानेवारी 2018 रोजी तिला थांबण्याचा आदेश दिला आणि 16 जानेवारीला योजना बंद झाली. तिच्या चलनाचा भाव बघता बघता कोसळला. बारा दिवस. त्या बारा दिवसांत बाहेर पडू, असा विश्वास तेव्हा किती जणांना असेल!

मोजून मापून यांना दोनदा जमले, हे मला खोटे वाटत नाही. पण ज्यांना जमले नाही, ते सहसा अशा ठिकाणी लिहीत नाहीत. मलाही आठ वर्षे लागली.

काळा कोट

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि ठेवीदारांच्या बाजूने काही प्रकरणे लढवलेली आहेत. लवकर बाहेर पडणाऱ्याचा तोटा होत नाही, हा समज मला आधी दूर करायचा आहे.

परताव्याचे जे पैसे तुमच्या खात्यात येतात, ते दर वेळी निराळ्या व्यक्तीच्या नावावरून येतात, आणि तुम्हाला भरायलाही निरनिराळ्या नावांवर सांगितले जाते. ही खाती बहुधा भाड्याने घेतलेली असतात. त्यांतल्या एका खात्याची कोणी राज्याबाहेरून सायबर तक्रार केली की त्या खात्यातून पैसा जिथे जिथे गेला, तिथली रक्कम किंवा संपूर्ण खाते पोलिसांच्या सूचनेवरून बँक गोठवते. तुमचे निवृत्तिवेतन ज्या खात्यात जमा होते, त्याच खात्यात हे 20,000 रुपये आले असतील, तर निवृत्तिवेतनही अडकू शकते आणि ते सोडवण्यासाठी परराज्यातल्या तपास अधिकाऱ्याशी पत्रव्यवहार करत महिने जातात. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याचा नफा 12,000 रुपयांचा होता आणि खाते सात महिने बंद होते. शिवाय महाराष्ट्राच्या 1999 च्या ठेवीदार संरक्षण कायद्यात, ज्याला आपण एमपीआयडी म्हणतो, गैरहेतूने मालमत्ता स्वीकारणाऱ्यांची मालमत्ता जप्त करण्याचीही तरतूद आहे. योजना पडणार, हे माहीत असून फक्त आधी निघायचे ठरवून आत जाणाऱ्याने आपला हेतू चांगला होता, हे न्यायालयाला कसे पटवून द्यायचे, याचा विचार करावा.

आता कागदांविषयी. नोंदणी प्रमाणपत्रावरून कंपनी अस्तित्वात आहे, एवढेच कळते; जीएसटी क्रमांक कर भरण्यासाठी असतो; उद्यम नोंदणी स्वतःच्या घोषणेवर मिळते. लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी या तिन्हींपैकी कशातूनही मिळत नाही. नोटरी फक्त सही त्याच माणसाची आहे, असे सांगतो. कराराच्या आतल्या वचनाची हमी घेत नाही. पुढच्या तारखेच्या धनादेशाविषयी सांगायचे, तर तो न वटल्यास खटला भरता येतो. पण ज्या खात्यात पैसे नाहीत आणि ज्याचा मालक देशाबाहेर आहे, त्यातून वसुली होत नाही.

केंद्राने 2019 साली अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात आगाऊ रक्कम, कर्ज किंवा अन्य कोणत्याही रूपात परत देण्याच्या वचनावर घेतलेला पैसा ठेवच मानला जातो, त्यामुळे करारात ‘हातउसने’ किंवा ‘व्यवस्थापन शुल्क’ असे शब्द घातले तरी फरक पडत नाही. अशी ठेव नुसती मागणाऱ्यालाही एक ते पाच वर्षे कारावास आणि 2 ते 10 लाख रुपये दंड होऊ शकतो. गुरुजी, आपल्या साडूंना हे वाक्य नक्की वाचून दाखवा. कमिशन घेऊन माणसे आणणारा या शब्दांच्या कक्षेत येतो.

परकीय चलनाचे म्हणाल, तर भारतात राहणाऱ्याला असे व्यवहार परवानाधारक संस्थांमार्फत, परवानगी असलेल्या कारणांसाठी आणि रिझर्व्ह बँकेने मान्य केलेल्या मंचांवर किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारांवरच करता येतात. अनधिकृत मंचांची सावधानतेची यादी रिझर्व्ह बँक सप्टेंबर 2022 पासून प्रसिद्ध करते. मात्र यादीत नाव नाही म्हणजे मंच अधिकृत आहे, असा अर्थ कृपया काढू नका. यूएसडीटीत भरल्यास अर्धा टक्का जास्त का देतात, तेही यावरून लक्षात येईल: यूपीआयच्या व्यवहाराचा माग निदान बँकेच्या नोंदींतून काढता येतो, परदेशी वॉलेटमध्ये गेलेले चलन परत आणणे त्याहून कितीतरी कठीण असते.

कायदा आहे, मग पैसे परत मिळतीलच, हाही भरवसा ठेवू नये. जमिनीच्या नावाखाली लोकांकडून पैसे घेणाऱ्या पीएसीएल कंपनीच्या प्रकरणात सुमारे 5.85 कोटी लोकांचे 49,100 कोटी रुपये अडकले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 2016 मध्ये न्यायमूर्ती लोढा समिती नेमली गेली आणि त्यानंतर लहान दाव्यांची परतफेड टप्प्याटप्प्याने चालू झाली. तेथे विकायला जमीन तरी होती. ॲपमागे काय असते?

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. खतावणी साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी काल संध्याकाळी साडूंकडे गेलो आणि पासबुक मागितले. ते थोडे दुखावले, पण त्यांनी दिले. त्यात 20,000 रुपयांच्या तीनच नोंदी निघाल्या. चौथ्या महिन्यापासून त्यांनी परतावा काढलेलाच नाही. ‘वाढीव योजने’त तो आपोआप मुद्दलात जमा होतो आणि ॲपवर आज 3,22,102 रुपये दिसतात. मला त्यांनी आठ महिने मिळाले असे सांगितले, त्यात त्यांचा खोटेपणा नव्हता. त्यांना स्वतःलाही तसेच वाटत होते. गोदातीर यांनी लिहिलेला चौथा महिना त्यांना मी वाचून दाखवला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून सगळी रक्कम काढण्याची विनंती ॲपवर नोंदवली. आज सकाळी उत्तर आले की शिल्लक रकमेच्या 18 टक्के कर, म्हणजे 57,978 रुपये, आधी भरावे लागतील. ते भरल्यावर 24 तासांत पूर्ण रक्कम खात्यात येईल. ते शिल्लक रकमेतूनच कापून घ्या, असे आम्ही कळवले, तर ‘नियमानुसार शक्य नाही’ असे उत्तर आले. साडू म्हणतात की तीन लाख सुटत असतील, तर अठ्ठावन्न हजार भरून पाहू. मी त्यांना उद्यापर्यंत थांबवले आहे. त्यांनी कार्यालयातल्या तीन सहकाऱ्यांनाही यात आणलेले आहे, हे मला कालच कळले. त्यांतल्या एकाने कर्ज काढून पैसे भरले आहेत. आता काय करावे?

काळा कोट

एक रुपयाही भरू नका. उद्गम कर (टीडीएस) कापायचा असेल, तर देणारा तो रकमेतून कापून सरकारजमा करतो आणि त्याची नोंद तुमच्या कर विवरणात दिसते; घेणाऱ्याने कोणाच्या खात्यात आधी पैसे पाठवून कर भरावा, अशी पद्धत नाही. ही रक्कम भरल्यावर साधारणपणे पुढची मागणी येते, कधी पडताळणी शुल्काच्या नावाने, कधी विलंब दंडाच्या. आकड्याकडेही पाहा. ज्या 60,000 रुपयांमुळे साडूंचा विश्वास बसला, जवळजवळ तेवढेच आता परत मागितले आहेत.

आज, उद्या नव्हे, 1930 या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंद करा. व्यवहाराला महिने झालेले असल्याने पैसे वाटेत अडवले जाण्याची आशा कमी आहे, हे मी प्रांजळपणे सांगते. पण ज्या खात्यांत पैसे गेले, ती अजून वापरात असतील, तर इतरांचे वाचू शकतात. सोबत पासबुकाची प्रत, प्रत्येक यूपीआय व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, यूएसडीटी पाठवले असल्यास वॉलेटचा पत्ता आणि व्यवहार क्रमांक, करार, धनादेश आणि गटातले सर्व संवाद ठेवा. गट सोडू नका आणि ॲप काढून टाकू नका, आधी पडद्याची छायाचित्रे तारखेसह घ्या. मग जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही अशा बेकायदा ठेवींची माहिती देता येते.

साडूंनी तिघांना आणलेले असल्यामुळे त्यांनी अर्जात स्वतःच ते लिहावे आणि मिळालेले कमिशनही सांगावे. पोलिसांना ते नंतर दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा त्यांनी आज सांगितलेले त्यांच्या हिताचे आहे. अर्ज देण्याआधी जवळच्या वकिलाला एकदा दाखवा. आणि ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो’ असे सांगणारा कोणी येत्या काही दिवसांत संपर्क साधेल. तुमचे क्रमांक त्याच मंडळींकडे आहेत, हे ध्यानात ठेवा.

मोजून मापून

मी वर मर्यादेविषयी लिहिले, तेव्हा परताव्याच्या पैशामुळे खाते गोठू शकते, ही गोष्ट माझ्या विचारातच नव्हती. माझ्या दोन्ही वेळच्या रकमा ज्या खात्यांत आल्या, ती खाती आज तपासणार आहे. माझा सल्ला मी मागे घेतो.

गोदातीर

गुरुजी, त्या तिघांना साडूंनी स्वतः सांगावे, तुम्ही नव्हे; आणि पोलिसांकडून कळण्याआधी. ‘कंपनीत काही अडचण आहे’ असे मोघम सांगू नये. तीनच नोंदी, अठरा टक्क्यांची मागणी आणि आपल्याला मिळालेले कमिशन, हे तिन्ही आकडे त्यांच्यासमोर ठेवावेत. ज्याने कर्ज काढले आहे, त्याला आधी गाठावे. परताव्याची 5 तारीख जवळ आली आहे आणि तो आणखी पैसे भरून बसेल. मी माझ्या माणसांना सांगायला तीन महिने लावले आणि त्या तीन महिन्यांत चुलतभावाने आणखी 1 लाख भरले.

कृष्णाकाठ

1930 वर तक्रार नोंदवली आहे आणि पोच क्रमांक मिळाला आहे. माझ्या 20 लाखांसाठी उद्या टपाल कार्यालयात जाऊन ज्येष्ठ नागरिक योजनेचा अर्ज आणतो. मुदतीचे सांगितले नसते, तर ती माझ्या लक्षातही आली नसती. साडू आत्ता माझ्याकडेच आहेत. कर्ज काढलेल्या सहकाऱ्याला फोन करायला ते बाहेर ओसरीवर गेले आहेत आणि तीनही आकडे त्यांनी कागदावर लिहून सोबत नेले आहेत.